टालाबरीचं फ्लॉक्युलेशन

सभेत शास्त्रीय शब्द वापरू नये. वापरलाच, तर त्याचा अर्थ सांगू नये. आणि अर्थ सांगायचा मोह आवरलाच नाही, तर निदान 'हे मी करून दाखवतो' असं तरी म्हणू नये. मी या तिन्ही गोष्टी एका दमात केल्या, आणि त्यासुद्धा तोंडात लॅमिंग्टन केकचा घास असताना.

सभा ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टालाबरी गावच्या पोहण्याच्या तलावाच्या कमिटीची होती. आदल्या आठवड्यात पश्चिमेकडून लाल धुळीचं वादळ येऊन गेलं होतं. उन्हाळ्यात आमच्या गव्हाच्या माळावर असं एखादं वादळ यायचंच. आपण खिडक्या लावून घेतो, कुत्र्याला आत घेतो, वाळत घातलेले कपडे मात्र हमखास विसरतो. पण या वेळी वादळ गेलं आणि तलावाचं पाणी दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसायला लागलं. पंप चालून चालून तापला, तरी पाणी तसंच. धूळ खाली बसायचं नाव घेईना.

एरवी आम्ही म्हटलं असतं, बसेल सावकाश, घाई काय आहे? पण पेनरोजबाई सोमवारी गाव सोडून चालल्या होत्या.

पेनरोजबाईंनी या गावाला पोहायला शिकवलं. गावाला म्हणजे अक्षरशः गावाला. मला शिकवलं, माझ्या मुलींना शिकवलं, आता नातवंडांपर्यंत मजल गेली होती. हातात लांब बांबू घेऊन काठावर उभ्या राहायच्या आणि गटांगळ्या खाणाऱ्याला बांबूचं टोक धरू द्यायच्या, पण लगेच नाही. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी शेततळ्यात बुडून गेला होता. आमच्याकडची शेततळी गढूळ असतात, तळ कुठे आहे ते कळत नाही. म्हणून बाईंचा पहिला धडा पोहण्याचा नसायचाच. 'तळ दिसत नाही त्या पाण्यात पाय घालायचा नाही,' हा पहिला धडा. तो पाठ झाल्याशिवाय त्या कपडे बदलू द्यायच्या नाहीत. आता त्या वृद्धाश्रमात होत्या, पाय थकले होते, आणि लेक त्यांना पर्थला न्यायला येणार होती. पर्थ म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून त्या परत येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांना सगळ्यात आधी. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: शनिवारी एकदा आपल्या तलावात उतरायचं.

"पाणी काढून टाकू आणि नवं भरू," सभेत कोणीतरी म्हणालं.

"बागेला पाणी घालायला बंदी आहे," कॅलम म्हणाला. कॅलम हा कौन्सिलचा आरोग्य अधिकारी. पोरगेलासा, शहरातून आलेला, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा. "आणि तुम्ही अख्खा तलाव ओतून द्यायचा म्हणताय?" मग त्याने पिशवीतून दोरीला बांधलेली एक काळी थाळी काढून टेबलावर ठेवली. "खोल टोकाला ही तळाशी सोडायची. काठावरून स्पष्ट दिसली तर तलाव उघडा. नाही दिसली तर बंद. मी काही हा नियम केलेला नाही."

तेव्हा मी घसा साफ केला. "मित्रहो," मी म्हणालो, "हा फ्लॉक्युलेशनचा प्रश्न आहे."

सभा गप्प झाली. माझं औषधांचं दुकान होतं. ते विकून मी निवृत्त झालो तेव्हापासून कोणाला काही समजावून सांगायची संधी मला मिळाली नव्हती. त्या शांततेचा मला जरा आनंद झाला हे मी नाकारत नाही.

"डेस, माणसांच्या भाषेत सांग," बेव्ह हार्टिगन म्हणाली. तिच्या दीडदोन हजार मेंढ्या आहेत आणि ती सगळ्यांशी मेंढ्यांशी बोलावं तशीच बोलते.

मी सांगितलं. धुळीचे हे कण इतके बारीक असतात की ते बुडतही नाहीत आणि तरंगतही नाहीत. प्रत्येकावर एकाच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून एक कण दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. पाण्यात तुरटी टाकली की तो भार मरतो. मग पाणी हळूहळू ढवळायचं. कण एकमेकांना भेटतात, चिकटतात, त्यांचे मऊ पुंजके होतात आणि पुंजके जड झाले की तळाशी बसतात. कणांचे असे पुंजके होणं, याला म्हणायचं फ्लॉक्युलेशन. मूळ शब्दाचा अर्थ लोकरीचा पुंजका.

"म्हणजे माझ्या मेंढ्यांवरून आलाय शब्द?" बेव्ह म्हणाली.

"मेंढ्यांवरून नाही. लोकरीवरून."

"लोकर काय गव्हाला येते?"

एवढ्यात माझा शेजारी क्लॅरी उठला. क्लॅरी घरी बिअर गाळतो आणि ती जबरदस्तीने लोकांना पाजतो. "अरे, एवढंच ना! माझं यीस्ट हेच करतं. पिंपाच्या तळाला जाऊन गपगुमान बसतं. नाहीच बसलं तर मी चिमूटभर जिलेटिन टाकतो. तुरटी कशाला?"

"शेततळ्यात आम्ही जिप्सम टाकतो," बेव्ह म्हणाली. "माझ्या आजोबांपासून टाकतोय. तुझ्या त्या लांबलचक शब्दावाचून आमचं काही अडलं नाही."

थोडक्यात, गावात प्रत्येकाकडे आपापलं फ्लॉक्युलेशन होतं आणि प्रत्येकाला आपलंच अस्सल वाटत होतं. माझ्या शब्दाची डोळ्यांदेखत अशी वाटणी होताना बघून मला फार लागलं. मी लॅमिंग्टनचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणालो, "हे मी करून दाखवतो. शनिवारी सकाळी थाळी दिसेल."

घरी आल्यावर मी ही बातमी नोएलीनला दिली. नोएलीन माझी बायको. ती जर्दाळूच्या जॅमची तयारी करत होती. तिने माझ्याकडे बघितलं, जर्दाळूंकडे बघितलं, आणि विचारलं, "तुला तलावाबद्दल काय माहिती आहे?"

"तलावाबद्दल नाही. तत्त्वाबद्दल."

"मग तत्त्वात पोहायला लाव बाईंना," ती म्हणाली.

सकाळी मी कौन्सिलला फोन केला, कारण माझा स्वभाव रीतसर वागण्याचा आहे. आणि ज्यांचा स्वभाव रीतसर वागण्याचा असतो त्यांनीच कौन्सिलला फोन करू नये. तुरटी टाकणं म्हणजे पाण्याच्या शुद्धीकरणात बदल करणं, तेव्हा पाणी खात्याला विचारा, असं कॅलमने सांगितलं. पाणी खात्यातली बाई म्हणाली, नळातलं पाणी आमचं. ते एकदा तलावात पडलं की आमचा आणि त्याचा संबंध संपला. आरोग्य खात्याला विचारा. आरोग्य खातं म्हणजे कॅलम. मी पुन्हा कॅलमला फोन लावला.

"म्हणजे ही परवानगी मीच द्यायची?" तो म्हणाला.

"असं दिसतंय."

"पण मीच तुम्हाला त्यांच्याकडे पाठवलं होतं."

"हो."

"मला विचार करायला दुपारपर्यंत वेळ द्या," तो म्हणाला. दुपारी त्याने स्वतःची परवानगी घेऊन मला दिली. मला त्या पोराबद्दल प्रथमच थोडं बरं वाटलं.

तुरटी किती टाकायची हे अंदाजाने ठरवता येत नाही. थोडं थोडं तलावाचं पाणी बरण्यांत घ्यायचं, प्रत्येकीत तुरटीचं प्रमाण वेगळं ठेवायचं, सगळ्या सारख्याच ढवळायच्या आणि कुठल्या बरणीतलं पाणी आधी निवळतं ते बघायचं. मी नोएलीनच्या जॅमच्या बरण्या घेतल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडल्या. औषधं तयार करण्यात हयात गेलेल्या माणसाचा हात होता तो. बरण्या देखण्या दिसत होत्या. मी खुर्ची घेऊन समोर बसलो.

क्लॅरी कुंपणावरून आला, एक बरणी उचलली, उजेडात धरली आणि खडखडून हलवली.

"हलवू नकोस!" मी ओरडलो.

"अरे, नीट दिसत नव्हतं." त्याने वास घेतला. "डेस, याच्यात जान नाही."

"ती बिअर नाहीये!"

"तेच म्हणतोय मी."

ती बरणी पहिल्यापासून करावी लागली. तेवढ्यात नोएलीन आत आली. ढवळायला मी कुठला चमचा घेतला हे तिने विचारलं, मी खरं सांगितलं, आणि त्यानंतरचं संभाषण इथे देण्यासारखं नाही. पण संध्याकाळी मधल्या एका बरणीत लाल पुंजके झाले, हलके हलके खाली उतरले, आणि वरचं पाणी असं निवळशंख झालं की पलीकडची कुंपणाची जाळी दिसायला लागली. नोएलीन हात पुसत माझ्या मागे उभी होती. ती काहीच बोलली नाही; तिच्या बाबतीत हे मोठं प्रमाणपत्र आहे. आधी तुरटी वाढवत नेली तसा फायदा होत गेला होता. मात्र शेवटच्या बरणीत सगळ्यात जास्त तुरटी होती आणि ते पाणी पुन्हा गढूळच राहिलं होतं. तुरटी जास्त झाली की कणांवर उलट्या जातीचा भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना दूर लोटायला लागतात. मला हे ठाऊक होतं. पुढे जे झालं ते अज्ञानाने झालं असं मला म्हणता येणार नाही.

गुरुवारी अख्खं गाव तलावावर जमलं. पाण्यात माणसांना उतरायला बंदी होती, म्हणून बेव्हने आपली मासे पकडायची पत्र्याची होडी ट्रेलरवरून आणून तलावात सोडली. ती वल्ही मारणार आणि मी होडीत उभा राहून विरघळवलेली तुरटी बादलीने सगळीकडे ओतणार. पेनरोजबाईंना वृद्धाश्रमाच्या गाडीतून आणलं होतं. त्या चाकांच्या खुर्चीत, छत्रीखाली, खोल टोकाला बसल्या होत्या. मी सुरुवातीला दोन शब्द बोललो. आधी जोरात ढवळायचं, मग हळू ढवळायचं, मग पाण्याला अजिबात हात लावायचा नाही, आणि यातला तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा, असं मी सांगत होतो.

"झालं का भाषण?" बेव्ह म्हणाली आणि तिने वल्ही मारली.

मी बादलीसकट मागच्या मागे पाण्यात गेलो. तुरटीचं पाणी तोंडात जाणं हा एक वेगळाच अनुभव आहे. जीभ, गाल, टाळू सगळं आक्रसून एका ठिकाणी जमतं आणि माणूस कितीही रागावला तरी त्याला एक शब्द बोलता येत नाही.

"मिस्टर पास्को," काठावरून कॅलम म्हणाला, "तलाव बंद आहे."

"डेस!" पेनरोजबाईंचा आवाज आला. "गुडघे वाकवू नकोस. लाथ कमरेतून यायला हवी. लहानपणापासून सांगतेय."

अख्ख्या गावासमोर, या वयात, माझ्या गुडघ्यांविषयी ही चर्चा झाली. मी काठाला आलो, होडीत चढलो आणि काम पुरं केलं. या वेळी बसून.

मग पंप बंद केला. फाटकाला साखळी लावली. आणि दुपारच्या उन्हात आम्ही सगळे जाळीबाहेर उभे राहिलो. आधी काहीच होईना. मग पाण्यात कुठेतरी एक लाल ठिपका दिसला, मग शेजारी दुसरा, आणि बघता बघता सगळं पाणी मऊ पुंजक्यांनी भरून गेलं. ते इतके सावकाश खाली जात होते की जातात की नाही तेच कळेना. लोक कुजबुजत बोलायला लागले. बेव्हनेसुद्धा टोपी काढली. "लोकरच आहे रे ही," ती म्हणाली. मला तेव्हा भरून आलं. एक शब्द मी जन्मभर पुस्तकात वाचला होता. तो असा तलावभर होताना पाहीन असं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी कॅलमने सहज म्हणून थाळी सोडून बघितली. डोळे बारीक केले तर दिसत होती. नाही केले तर नव्हती.

"उद्या सकाळपर्यंत दिसेल," मी म्हणालो. "कोणी हात लावू नका. काही करायचं नाही. काहीही न करणं हाच आता उपाय आहे."

मी वृद्धाश्रमात जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी पोहायची निळी टोपी मांडीवर काढून ठेवली होती. "तळ दिसेल ना, डेस?" त्यांनी विचारलं. "मला तिथे अजून एकदा उतरायचंय खरं. पण जे पोरांना सांगत आले ते जाता जाता मोडायचं नाही मला."

"दिसेल, बाई," मी म्हणालो.

आता आमच्या गावची एक रीत सांगितली पाहिजे. इथे मदत करायची तर कोणाला दिसणार नाही अशी करतात. दिसली तर ती फुशारकी ठरते. क्लॅरीची बायको गेली तेव्हा तो उन्हाळाभर घराबाहेर पडला नाही, पण त्याचं गवत वेळच्या वेळी कापलेलं असायचं. कोण कापत होतं ते त्याने कधी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. बागेत काकड्या जास्त झाल्या की लोक दुसऱ्याच्या पायरीवर पिशवी ठेवून पळून जातात. मला ही रीत फार आवडते. म्हणजे त्या शनिवारपर्यंत आवडत होती.

शनिवारी सकाळी मी फाटक उघडलं. तलावातलं पाणी गुलाबी दुधासारखं होतं.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. थाळी काय, पायऱ्यांची दुसरी पायरीसुद्धा दिसत नव्हती. हळूहळू गाव जमलं. सॉसेज भाजायची शेगडी आली, ती कोणी पेटवली नाही. कॅलम आला, त्याने पाण्याकडे बघितलं, आणि थाळी पिशवीतून काढलीच नाही. शेवटी पेनरोजबाईंची गाडी आली. त्यांच्या डोक्यावर ती निळी टोपी होती आणि गाऊनच्या आत पोहण्याचा पोशाख. लेक खुर्ची ढकलत होती.

बाईंनी पाण्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग तो आवाज आला, जो ऐकून आजही मी ताठ उभा राहतो.

"कोणी काय टाकलं?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"मी विचारलं, कोणी काय टाकलं?"

क्लॅरीचा हात वर गेला. "थोडं जिलेटिन, बाई. म्हणजे, बादलीभर. म्हटलं, एवढ्यासाठी अडतंय तर..."

बेव्हने हात वर केला. "जिप्सम. एक पोतं." ती जरा थांबली. "दीड."

दारूच्या गुत्त्याचा मालक मागून हात वर करून म्हणाला, की त्याने तुरटीच टाकली होती, कारण डेसची पद्धतच बरोबर आहे असं त्याला वाटलं होतं. मला धन्यवाद द्यावे की काय कळेना. मग आणखी दोघांनी तुरटीसाठी हात वर केले. प्रत्येक जण फाटकावरून चढून एकटा आला होता, प्रत्येकाने चोरपावलांनी थोडंसंच टाकलं होतं, आणि आपण कसं गुपचूप गावाचं काम केलं याचा आनंद घेऊन घरी जाऊन झोपला होता.

"मूर्ख लोकहो!" मी ओरडलो. "मी सांगितलं होतं, काही करायचं नाही! एवढी एकच गोष्ट! जास्त झालं की कण पुन्हा फाकतात, हे मी..."

"डेस," नोएलीन हळूच म्हणाली. "तूसुद्धा सांग."

मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर हटवली नाही. मी हात वर केला.

"मी शुक्रवारी संध्याकाळी एक लहान बादली," मी म्हणालो. "बाईंना शब्द दिला होता. म्हटलं, नक्कीच दिसावी."

हसू यायला हरकत नव्हती, पण कोणी हसलं नाही. बाई टोपी काढायला लागल्या. ती घट्ट होती आणि त्यांच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून वेळ लागत होता, आणि आम्ही सगळे ते बघत उभे होतो. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दोघाचौघांना नव्हे, अख्ख्या गावाला तरंगायला शिकवणाऱ्या बाई, आणि आम्हाला त्यांना पाणी देता आलं नव्हतं.

"नका काढू, बाई," बेव्ह म्हणाली.

तिने बूट काढले. कपड्यांनिशी पायऱ्या उतरली आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. "इथे आहे तळ," ती म्हणाली. "माझ्या पायाखाली. मी उभी आहे त्यावर."

क्लॅरी उतरला आणि तिच्यासमोर, दोन हात अंतरावर उभा राहिला. "इथेही आहे, बाई. जरा घसरडा आहे, पण आहे."

मग कोणी कोणाला काही सांगितलं नाही. गुत्त्याचा मालक उतरला, नोएलीन उतरली, शाळेचे मास्तर, माझ्या दोन्ही मुली, कडेवर पोरं घेतलेल्या आया. समोरासमोर दोन ओळी झाल्या, उथळ टोकापासून खोल बाजूकडे. प्रत्येक जण आपल्या जागेवर उभा राहून सांगत होता, "इथे आहे, बाई." "इथे आहे." मी उंच असल्यामुळे सगळ्यात शेवटी गेलो. पाणी माझ्या हनुवटीला लागत होतं आणि पायाखाली आमच्या सगळ्यांच्या मदतीचा थर घोट्यापर्यंत मऊ लागत होता.

"इथेही आहे, बाई!" मी ओरडलो, आणि एक घोट आत गेला.

कॅलम काठावर उभा होता. बाईंची लेक त्याच्याकडे बघत होती, सगळेच बघत होते. त्याने गळ्याशी हात नेला, वरची गुंडी काढली.

"मला काठावरून दिसेल तेवढ्याच गोष्टीबद्दल बोलता येतं," तो म्हणाला. "आणि असल्या पाण्यात मला काहीसुद्धा दिसत नाही." मग तो वळला आणि खुर्ची पायऱ्यांपर्यंत न्यायला लेकीला हात द्यायला लागला.

बाई पाण्यात आल्या. पायांनी चालवेना, पण पाण्याने उचलल्याबरोबर त्यांचे खांदे सैल झाले, आणि त्या निघाल्या. सावकाश, तोंड वर ठेवून, एकाही थेंबाचा आवाज न करता. आमच्या दोन ओळींच्या मधून त्या येत होत्या आणि ज्याच्यासमोर येतील त्याच्याकडे बघत होत्या. हात कोणाचाच धरला नाही. माझ्यापर्यंत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी माझ्या खांद्यावर तळवा टेकला.

"खोल आहे का रे पुढे?"

"आहे, बाई. पुढे कोणी उभं राहू शकत नाही."

"मग इथून वळते," त्या म्हणाल्या, आणि वळल्या.

सोमवारी त्या गेल्या. रविवारी मी पुन्हा बरण्या मांडल्या. इतक्या तुरटीने पाण्यातला क्षारपणा सगळा खाऊन टाकला होता, आणि त्यावाचून तुरटी काम करत नाही. खाण्याचा सोडा घातल्याबरोबर पुंजके धरायला लागले. गावातला सगळा सोडा गोळा करून आम्ही तलावात घातला, होडीतून हलकेच ढवळला आणि फाटकाला कुलूप घातलं. क्लॅरी राखण करायला बसला आणि क्लॅरीवर राखण करायला बेव्ह बसली. कोणी काही टाकलं नाही.

मंगळवारी पाणी काचेसारखं झालं. कॅलमने थाळी सोडली आणि ती घरातल्या टेबलावर ठेवल्यासारखी दिसली. "झालं," तो म्हणाला. "तळाचा गाळ ओढून घ्या आणि उघडा." पण कोणी गाळ ओढायचं यंत्र सुरू करेना. खाली लाल गाळाच्या मऊ थरात आमच्या पावलांच्या खळग्यांच्या दोन ओळी होत्या, उथळ टोकापासून थेट माझ्या जागेपर्यंत, आणि त्यांच्यामधली वाट कोरी होती. तिथे कोणाचं पाऊल टेकलं नव्हतं. आम्ही काठावर उभे राहून ते बघत होतो. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

नोएलीनचा फोन वाजला. पर्थहून होता. तिने तो माझ्या हातात दिला.

"पाणी निवळलं का?" पेनरोजबाईंनी विचारलं.

"निवळलं, बाई."

"तळ दिसतो?"

"स्वच्छ दिसतो. आम्ही सगळे इथेच आहोत. बघतोय."

"बघताय?" त्या म्हणाल्या. आवाज दमलेला होता, पण काठावरचाच होता. "तळ दिसतोय ना? मग काठावर उभे काय राहिलात? उतरा."

मी फोन खाली ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, बाई म्हणतायत उतरा. आम्ही बूट काढले.